छत्रीचं स्पेलिंग

जुलैचा महिना होता. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे जिथं मलप्रभा उगम पावते, त्या बाजूला जुलैचा पाऊस चार-चार दिवस उघडत नाही. चोर्ला घाट चढून गोव्याहून आलेली एक गाडी आमच्या शाळेजवळ बंद पडली आणि गाडीतल्या एक बाई भिजत व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. त्या केरळच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, कन्नडही नाही. समोर सहावीतली एक मुलगी होती, तिला त्यांनी विचारलं, ‘डू यू हॅव ॲन अंब्रेला?’

मुलीने हात पाठीमागे घेतले, ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, ‘यू, एम, बी, आर, ई, डबल एल, ए, अंब्रेला. अंब्रेला म्हणजे छत्री.’

तिच्या मागे खुंटीला तिचीच छत्री निथळत होती.

त्या बाई हसून थँक्यू म्हणाल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला शाब्बासकी हवी होती, ती मी दिली. बाईंना माझी छत्रीही दिली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते ‘डबल एल, ए’ कानातून जाईना. मुलीचं काही चुकलं नव्हतं. तो शब्द मी तिला ज्या रूपात दिला, त्याच रूपात तिने तो परत केला होता. माझ्या वर्गात अंब्रेला हा पाच वेळा लिहायचा शब्द होता. पावसात कुणाला तरी लागणारी वस्तू तो कधी झालाच नव्हता. तेव्हा मला बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी मराठी शाळांमध्ये शिकवायला लागून बावीस वर्षं होत आली होती.

मी स्वतः अशीच शिकले. पाचवीत पहिल्यांदा ए बी सी डी, दहावीपर्यंत शब्दार्थ, स्पेलिंग आणि भाषांतर. घरी काकांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, शिवण सुटलेली, सुतळीने बांधलेली. त्या पुस्तकाबद्दल मला आजही आदर आहे. मराठीतून इंग्रजीत जायची वाट पायरी-पायरीने बांधून देणारं दुसरं पुस्तक आमच्या भागात कुणाच्या घरी नव्हतं आणि आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्या त्याच वाटेने नोकरीला लागल्या. मला पॅसिव्ह व्हॉइस करता येत असे, डायरेक्टचं इनडायरेक्ट करता येत असे. पण कुणी समोर उभं राहून इंग्रजीत साधं काही विचारलं की छातीत धस्स व्हायचं. कर्नाटकात 2007-08 पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा ते धस्स होणं मी पहिलीच्या वर्गात घेऊन गेले. ते मी मुलांनाही दिलं असणार.

छत्रीच्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसातून आदेश आला. बेंगळुरूच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमध्ये तीस दिवसांचं प्रशिक्षण होतं, डिसेंबर 2022 मध्ये. एरवी प्रशिक्षणाचा आदेश आला की घरचं कसं होईल ही काळजी आधी येते. या वेळी मात्र मी त्याच दिवशी बॅग काढली.

बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस, सकाळी बेंगळुरू. मॅजेस्टिकला मेट्रोत बसायचं आणि ज्ञानभारतीला उतरायचं. केंगेरीपर्यंतचा तो मार्ग सुरू होऊन वर्ष-सव्वा वर्षच झालं होतं. माझं शिकणं संस्थेत पोचायच्या आधी या गाडीतच सुरू झालं. आधी कन्नडमधून घोषणा व्हायची, ‘मुंदिन निल्दाण...’ आणि मग इंग्रजीतून, की दरवाजे उजवीकडे उघडतील. ‘ऑन द राइट.’ दुसऱ्या स्टेशनाला ‘ऑन द लेफ्ट.’ मी दाराशी उभी राहून ते ऐकत होते. बावीस वर्षं मी फळ्यावर ‘ऑन म्हणजे वर’ असं लिहीत आले होते. टेबलावर पुस्तक आहे, द बुक इज ऑन द टेबल. आता दरवाजा कशाच्या वर उघडणार होता?

त्या दिवशी मी स्टेशनाबाहेरच्या दुकानातून एक छोटी वही घेतली आणि महिनाभर कानावर किंवा डोळ्यांवर पडलेला प्रत्येक ‘ऑन’ तिच्यात टिपला. नुसता शब्द लिहायचा नाही. कुणी म्हटलं, कुठं, कशासाठी, तेही. ‘ऑन मैसूर रोड’, बसच्या कंडक्टरने पत्ता सांगताना. ‘ऑन संडे’, उपाहारगृह बंद असल्याच्या पाटीवर. ‘ऑन द वे’, ऑटोवाल्याने फोनवर. ‘ऑन द फोन’, ‘ऑन ड्यूटी’, ‘ऑन टाइम’. आणि एक मला कुठं बाहेर सापडला नाही, माझ्याच आयुष्यात सापडला: ‘ऑन लीव्ह’. वर्षानुवर्षं मी स्वतःच्या हाताने रजेच्या अर्जात ते लिहीत होते आणि ‘ऑन म्हणजे वर’ शिकवत होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने राहत होत्या, कारण अर्जातलं वाक्य मी वाक्य म्हणून उचललं होतं, शब्द जोडून बनवलं नव्हतं.

मराठीत ‘ऑन’सारख्या शब्दांचं काम ‘ला’, ‘वर’, ‘त’, ‘ई’ असे छोटे प्रत्यय करतात. बेळगावला जाते, सोमवारी येते, वाटेत आहे, रजेवर आहे. कन्नडमध्येही तसंच, बेळगाविगे, बेळगावियल्लि. शब्दाच्या मागे लागणारं. इंग्रजीत ते पुढे येतं आणि त्याची वाटणी आपल्या वाटणीशी जुळत नाही. ‘वर’ आणि ‘ऑन’ ही दोन गावं शेजारी-शेजारी आहेत, पण शिवा एक नाहीत. ही शीव कुठून कुठं जाते हे मुलाला अर्थ सांगून कळणार नाही. त्याला ती चालूनच बघावी लागते.

संस्था ज्ञानभारतीच्या झाडीत आहे. ती 1963 साली स्थापन झाली आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवते. आम्ही सगळे कर्नाटकातलेच, पण माझ्या खोलीतली एक बाई बिदरच्या उर्दू शाळेतली आणि दुसरी कोलारची, कन्नड शाळेत शिकवणारी आणि घरी तेलुगू बोलणारी. आम्ही आपापसात कन्नड बोलायचो, अडलं की इंग्रजी.

ग्रंथालयात मला एन. एस. प्रभू यांचं पुस्तक मिळालं, ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’, 1987 चं. ज्या शहरात मी बसले होते त्याचंच नाव लागलेला एक प्रयोग त्यात सांगितला आहे. तो जगभर ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून ओळखला जातो आणि मी बावीस वर्षांत त्याचं नावही ऐकलं नव्हतं. प्रभू तेव्हा मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. 1979 ते 1984 या पाच वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी, या संस्थेच्या साथीने, दक्षिणेतल्या साध्या शाळांचे आठ वर्ग घेतले. मुलं आठ ते पंधरा वर्षांची, माध्यमिकच्या वर्गात चाळीस ते साठ मुलं, हाताशी फळा आणि खडू. म्हणजे आमच्यासारख्याच शाळा. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण प्रशिक्षणात ऐकलेल्या पुष्कळ गोष्टी मनात ‘हे आपल्या शाळेत होणार नाही’ म्हणून आधीच बाजूला पडतात.

त्यांचं म्हणणं असं की, वाक्याची घडण मुलाच्या मनात बसते ती त्याचं लक्ष घडणीवर नसताना, अर्थावर असताना. म्हणून त्यांनी व्याकरणाचे धडे ठेवले नाहीत, शब्दांच्या याद्या ठेवल्या नाहीत. रोज एक काम ठेवलं. रेल्वेचं वेळापत्रक, घराचा आराखडा, गावाचा नकाशा, बाजारातल्या किमती. अमक्याला इतक्या वाजता तिथं पोचायचं आहे, तर त्याने कोणती गाडी धरावी? आधी शिक्षक तसंच एक काम सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने बोलत सोडवणार, मग त्याच्यासारखं दुसरं प्रत्येक मूल एकेकटं करणार. निम्म्या मुलांना निम्मं काम साधलं तर ते काम त्या वर्गाला योग्य. मुलं मध्येच आपल्या भाषेत बोलली तर त्यांना अडवायचं नाही. चूक झाली तर बोलता-बोलता बरोबर वाक्य कानावर घालायचं आणि पुढे जायचं.

कामांचे त्यांनी तीन प्रकार केले. एकाजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ नाही, तर ती पोचवायची. दिलेल्या माहितीवरून विचार करून नवं काही काढायचं. किंवा आपलं मत सांगायचं. वर्गात सगळ्यांत चांगला चालला तो दुसरा, विचार करायचा. माझाही अनुभव आता तोच आहे. मत सांगायला लहान मुलाकडे शब्द पुरत नाहीत, माहिती पोचवायला एक-दोन शब्द पुरतात. विचार करताना मात्र ‘म्हणून’, ‘तर’, ‘पण’, ‘आधी’, ‘तोवर’ लागतातच.

या प्रयोगाची नंतर बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी झाली. बेरेटा आणि डेव्हिस यांनी 1985 मध्ये ती मांडली. नेहमीच्या पद्धतीचे वर्ग व्याकरणाच्या सुट्या प्रश्नांत पुढे होते, प्रयोगाचे वर्ग कामांमध्ये पुढे होते. म्हणजे ज्याला जे शिकवलं ते त्याला आलं. पण वाक्याच्या संदर्भात विचारलेल्या व्याकरणातही, जे त्यांना वेगळं शिकवलंच नव्हतं, प्रयोगाची मुलं पुढे होती. मी ही ओळ दोनदा वाचली. माझी सहावीतली मुलगी पहिल्या प्रकारची होती आणि ती तशी का होती ते माझ्यासमोर छापलेलं होतं.

एका संध्याकाळी मला कणकण होती, मी जेवायला गेले नाही. कोलारच्या बाईने विचारलं, ‘यू डिडन्ट ईट?’ मी म्हटलं, ‘येस.’ ती उठली आणि दोन केळी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी हे वर्गात निघालं आणि आमच्या प्रशिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवलं की इंग्रजीत इथं ‘नो’ म्हणतात. आम्ही सगळ्या शिक्षकांनी आपापल्या भाषेत उत्तर देऊन पाहिलं. मराठी: हो, नाही जेवले. कन्नड: हौदु, ऊट माडिल्ल. तेलुगू: अवुनु, तिनलेदु. उर्दू: जी हाँ, नहीं खाया. चारही भाषांत आपण आधी विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो, मग गोष्ट सांगतो. इंग्रजीत होकार-नकार गोष्टीला असतो, विचारणाऱ्याला नाही. म्हणूनच माझं ‘येस’ कोलारच्या बाईला बरोबर कळलं आणि केळी आली. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच मातीवर उभं होतं.

मात्र हे दर वेळी केळ्यांवर निभावणार नाही. आमच्या गावची पोरं गोव्याला कामाला जातात, कुणी जहाजावर जातात, कुणी आखातात. तिथं परका डॉक्टर विचारेल, तुला कुठल्या औषधाचा त्रास होत नाही ना? आणि आमचा मुलगा मान डोलावून ‘येस’ म्हणेल. हे मी आता सहावीला मुद्दाम शिकवते, मराठीतून, फळ्यावर लिहून. प्रभूंच्या रीतीत हे बसत नाही. पण जिथं आपल्या भाषेची चाल आणि इंग्रजीची चाल उलट्या दिशेला जातात, तिथं नुसतं कानावर पडून मुलाला ते दिसत नाही, कारण त्याला त्यात अडखळायलाच होत नाही. तिथं बोट दाखवावं लागतं. हे माझं मत आहे आणि वर्गात ते मला पुन्हा-पुन्हा खरं ठरलेलं दिसतं.

बेंगळुरूच्या रस्त्यावरचं इंग्रजी मला फार आवडलं. ‘स्वल्प ॲडजस्ट माडि’ म्हटलं की बाकावर जागा होते. ‘वन बाय टू’ म्हटलं की एका कॉफीचे दोन पेले येतात. कुणी ‘आय सिम्प्ली केम’ म्हणालं की समजायचं, कन्नडचं ‘सुम्ने’ आहे ते, आपलं ‘सहज आलो’. हे शब्द कुणी पुस्तकातून उचलले नाहीत. लोकांना काहीतरी म्हणायचं होतं, जवळ जो शब्द होता तो त्यांनी त्या कामाला लावला. आम्हा शिक्षकांना अशा इंग्रजीवर लाल शाई मारायची सवय असते. मी आता मारत नाही. एवढंच सांगते की, हा ‘सिम्प्ली’ इथला आहे, दूर गेलास तर तिथं त्याचा अर्थ वेगळा होईल.

एका शनिवारी मी नगरथपेटेत गेले. आईच्या दोन जुन्या तुटक्या पाटल्या बरोबर होत्या, त्या गाळून घ्यायच्या होत्या. चिकपेटेला मेट्रोतून उतरलं की पाच-दहा मिनिटांवर सोन्या-चांदीच्या गल्ल्या सुरू होतात. एका अरुंद जिन्यावर गलाईचं दुकान होतं आणि आत मराठी चाललेलं. सांगलीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत हे ऐकून होते. मी ‘खानापूरची’ म्हटल्याबरोबर मालक उठून उभे राहिले.

‘आवं ताई, मग तुमी आमच्याच की!’

‘बेळगावचं खानापूर, दादा.’

‘आसं व्हय! आमचं विट्याचं.’ तरीही त्यांनी चहा मागवला. दोन खानापुरांतलं अंतर त्यांनी मनावर घेतलं नाही.

माझ्या आधी एक तरुण जोडपं बसलं होतं, मराठी-कन्नड न येणारं. दादा त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होते. मूस भट्टीत जायच्या आधी त्यांनी तराजूकडे बोट दाखवून सांगितलं, ‘इफ यू मेल्ट, वेट विल कम डाउन. इफ स्टोन इज देअर, फर्स्ट वी हॅव टू रिमूव्ह. आफ्टर मेल्टिंग, डोन्ट आस्क व्हाय लेस.’ जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं, एक प्रश्न विचारला, दादांनी आणखी एका ‘इफ’ने उत्तर दिलं आणि मग त्यांची मान हलली.

ते गेल्यावर मी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलात?

‘शिकलो कुठं, ताई. सातवी झाली आन् चुलत्यासंगं इकडं आलो. पन वितळायच्या आधी घट सांगितली न्हाई तर मागनं भांडान. मग सांगायलाच लागतंय.’

मला त्या जिन्यात बसून वाटलं, ‘इफ’ची दोन टोकांची वाक्यं मी कितीदा शिकवली असतील. ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट गो.’ कोण जाणार नाही, कुठं, कशासाठी, काहीच नाही. इथं मात्र एका बाजूला दुसऱ्याचं सोनं होतं आणि दुसऱ्या बाजूला त्यात येणारी घट. ती आगीच्या आधी सांगावी लागते, नंतर सांगून उपयोग नाही. ‘तर’ या शब्दाची अशी निकड असली की सातवी झालेला माणूसही तो वाक्याच्या बरोबर जागेवर ठेवतो. त्यांच्या वाक्यात ‘द’ आणि ‘ए’ नव्हते. व्यवहारात त्याने कुणाचं अडलं नव्हतं. ‘इफ’ नसता तर अडलं असतं.

दादांच्याच सांगली जिल्ह्यात कुपवाड आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तिथल्या बोलण्यावर लिहिलेला निबंध 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावात कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं शेकडो वर्षं शेजारी नांदली. घरात ज्याने त्याने आपली भाषा ठेवली. पण शेतावर, बाजारात, उधारी-उसनवारीत रोज एकमेकांशी पडलेल्या गाठीने तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली की, एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. कुणीही तिथं व्याकरणाचा तास घेतला नव्हता. सीमाभागात वाढलेल्या मला हे वाचून नवल वाटलं नाही. माझी आजी एक अक्षर न शिकता खानापूरच्या बाजारात कन्नडमध्ये भाव करायची. मी तिला कधी कन्नड ‘येणारी’ समजले नव्हते, कारण तिला लिहिता येत नव्हतं.

जून 2023 मध्ये शाळा उघडली आणि मी सहावीला पहिलं काम दिलं. बसच्या वेळा, सरकारी दवाखान्याच्या वेळा, एका आजोबांना डोळे दाखवायचे आहेत. कोणत्या बसने जावं, परत कधी येतील? सगळं फळ्यावर इंग्रजीत. वर्ग गप्प झाला. मुलं माझ्या हाताकडे बघत होती, उत्तर कधी लिहिते आणि ते कधी उतरवून घेतो म्हणून. शेवटी एक जण म्हणाला, ‘बाई, लिहून द्या की.’ तेवीस मुलांपैकी चौघांचं निम्मं काम झालं. प्रभूंच्या मापाने ते काम वर्गाला जड होतं. पुढच्या वेळी बस दोनच ठेवल्या आणि आजोबांच्या ऐवजी मीच प्रवासाला निघाले. तेव्हा तेरा-चौदा हात वर आले. बाईंची बस चुकू नये असं त्यांना खरंच वाटत होतं.

मग सोपी वाट शाळेतच सापडली. क्षीरभाग्य योजनेचं दूध वाटायच्या दिवशी आम्ही ते इंग्रजीत वाटू लागलो. आज किती जण ॲब्सेंट? मग ग्लास किती? कुणाला अर्धंच हवं? दोघं उशिरा आली, आता पुरेल का? ‘स्टिल’, ‘इनफ’, ‘वन मोअर’, ‘नॉट येट’ हे शब्द मी एकदाही फळ्यावर लिहिले नाहीत. दूध पुरतंय की नाही हा प्रश्न रोजचा असल्याने ते आपोआप पाठ झाले.

याच काळात मुलांना मी एक गोष्ट करायला सांगितली. घरात, शेतावर, दुकानात मोठी माणसं मराठी बोलताना जे इंग्रजी शब्द वापरतात ते टिपून आणा. आठवड्यात पावणेदोनशेच्या आसपास शब्द जमले. पंचर, फ्यूज, स्टार्टर, डीपी, स्लॅब, सेंट्रिंग, बॅलन्स, रिचार्ज, ॲडमिट, डिस्चार्ज, सिरियस, करंट. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. इंग्रजी आपल्याला येत नाही असं समजणाऱ्या पोरांच्या घरात एवढं इंग्रजी राहत होतं. मी ती यादी रात्री पुन्हा वाचली. नामं भरपूर होती. क्रियापदं थोडी आणि तीही ‘करणे’, ‘होणे’ लावून आलेली. ‘इफ’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘बिफोर’, ‘ऑन’, ‘ॲट’ यांच्यातला एकही शब्द नव्हता. वस्तूंची नावं एका भाषेतून दुसरीत सहज येतात, माणसाच्या खिशातून आल्यासारखी. वाक्य धरून ठेवणारे छोटे शब्द येत नाहीत, ते आपल्या वाक्याला सोडून निघतच नाहीत. मायकेल वेस्ट यांनी ढाक्याच्या शाळांमध्ये काम केलं होतं आणि 1953 साली त्यांनी रोजच्या गरजेच्या सुमारे 2000 इंग्रजी शब्दांची यादी छापली. अशी कुठलीही यादी वापराच्या क्रमाने लावली, तर पहिल्या शंभरात बहुतेक हे छोटेच शब्द असतात. आमच्या मुलांच्या घरी न येणारे नेमके तेच. आणि बावीस वर्षं मी मुलांना अंब्रेला, एलिफंट, पॅरट पाठ करायला लावत होते.

पालकांना हे पटवणं सोपं गेलं नाही. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीत एका आईने वही पुढे केली, ‘बाई, पोराची वही कोरी हाय. पाच-पाच वेळा लिवून घेत नाही काय आता?’ तिचा प्रश्न खरा होता. ती स्वतः शिकलेली नव्हती. मुलाचं शिकणं तिला दिसायचं ते वहीतच. मी तिला दुधाच्या वेळी शाळेत बोलावलं. ती आली, दाराशी उभी राहिली, मुलाला ‘टू मोअर, बाई’ म्हणताना तिने ऐकलं. पुन्हा वहीबद्दल बोलली नाही, पण शुक्रवारी मी स्पेलिंग लिहून घेतेच. परीक्षेत ते विचारतात आणि लिहिता येणंही मुलांचा हक्क आहे. फक्त आता शब्द आधी वापरला जातो, मग लिहिला जातो.

काही मुलं या रीतीतही मागे राहतात. दोघं-तिघं अशी आहेत की काम समजतं, उत्तर बोटांनी दाखवतात, तोंडातून मात्र इंग्रजी येत नाही. त्यांना मी घाई करत नाही. माझं स्वतःचं तोंड उघडायला चाळिशी उलटावी लागली.

मागच्या ऑगस्टमध्ये असाच धो-धो पाऊस होता. शेवटचा तास चालला होता आणि सहावीतला एक मुलगा खिडकीतून ओढ्याकडे बघत होता. ओढ्यावरचा पूल बुटका आहे, पाणी चढलं की माझी खानापूरची बस येत नाही. तो तिथूनच म्हणाला, ‘बाई, इफ वॉटर कम ऑन ब्रिज, बस नॉट कम.’

मी खडू खाली ठेवला. त्याला विचारलं, ‘इफ द बस डझन्ट कम, व्हेअर विल आय गो?’

त्याने पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘यू विल स्टे इन माय हाऊस,’ तो म्हणाला. ‘माय मदर विल मेक भाकरी.’